डहाणूचा धूर आणि पावसातलं आम्ल

वसई-विरारच्या आम्ही गटातल्या बायका आज आपल्याच पालघर जिल्ह्यातली एक गोष्ट सांगणार आहोत.

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी 275 मीटर उंच आहे. उंच चिमणीमुळे धूर डोक्यावरून दूर जातो, पण नाहीसा होत नाही. कोळशात गंधक असतं. तो जळला की सल्फर डायऑक्साइड वायू होतो. गाड्यांच्या धुरातून नायट्रोजनचे वायू येतात. हवेतल्या ओलाव्यात मिसळून त्यांचं आम्ल बनतं आणि ते पावसातून खाली येतं.

शिंपल्यावर लिंबू पिळून बघा, बुडबुडे येतात. आम्ल शिंपला खातं. आम्लपावसाने चुन्याचं बांधकाम असंच हळूहळू झिजतं, जमिनीचा कस धुऊन जातो, तळ्यातले मासे मरतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या पावसाची तपासणी करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी 1872 च्या पुस्तकात याला ‘आम्लपाऊस’ म्हटलं.

डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या. 1989 मध्ये वीज केंद्राला मंजुरी मिळाली, तेव्हा या धुराने झाडांचं काय होईल, ही काळजी लागली. नर्गिस इराणी, कितायून रुस्तम यांच्यासारख्या बायका पुढे झाल्या. प्रकरण कोर्टात गेलं. केंद्र थांबलं नाही, पण माणसंही थांबली नाहीत. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने 1999 मध्ये दिला. ती सुरू झाली 2007 मध्ये. समुद्राच्या पाण्याने तिथे धूर धुतला जातो.

आदेशानंतरही आठ वर्षं गेली. कागद हातात आला म्हणजे काम झालं असं नसतं, पाठपुरावा करावाच लागतो. रेशन असो की पाणी, आपल्याला हे ठाऊक आहेच.

आपल्या वस्तीतही धूर आहे. कचऱ्यात पीव्हीसीचे पाइप आणि वायरी जळतात, तेव्हा निघणारा वायूही आम्लाचाच असतो. तो आधी आपल्या आणि लेकरांच्या छातीत जातो. म्हणून कचरा कुठे जळतो, किती वाजता जळतो, हे गटाच्या वहीत तारखेनिशी लिहा. त्यावरून ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.