सोन्याची कुऱ्हाड आणि भरलेल्या विहिरी

वऱ्हाडच्या उत्तर अंगास, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या वरूड गांवीं चार वडीलधारीं माणसें एकत्र बसलीं म्हणजे बोलणें फिरून फिरून एकाच ठिकाणीं येतें. एकजण विहिरींच्या वर आलेल्या पाण्याची गोष्ट काढतो, दुसरा मोटेची, तिसरा संत्र्याच्या फुलांच्या वासाची. आणि शेवटीं "पयलेचं वरूड रायलं नाई बाप्पा," या निर्णयावर सर्वांचें एकमत होतें. घरांतील तरुण मंडळी हें ऐकून हंसते. म्हातारपणीं मागचें सर्वच गोड वाटतें, असें म्हणून ती हा विषय निकालांत काढते. परंतु ज्या भावनेनें पिढ्यान् पिढ्या माणसांस व्याकुळ केलें, ती इतक्या सहज निकालांत निघावी काय?

या भावनेस युरोपांत शास्त्रीय नांव मिळालें तें एका वैद्यकीय प्रबंधांत. इ. स. १६८८ मध्यें बाझल येथें योहानेस होफर नांवाच्या विद्यार्थ्यानें 'घरीं परतणें' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नोस्टाल्जिया' ही संज्ञा बनविली. घरापासून दूर पडलेलीं स्विस माणसें मायभूमीच्या ध्यासानें झुरत. पुढें तर परमुलुखीं चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा हा खास रोगच मानला गेला. त्यावर खरा उपाय एकच, रोग्यास घरीं पाठवावें. कालांतरानें वैद्यांनीं हा रोग सोडून दिला आणि शब्दाचा अर्थ पालटला. स्थळाची ओढ मागें पडून काळाची ओढ पुढें आली. मराठींत आज आपण तिला गतकातरता म्हणतों.

स्थळाची ओढ आपल्याकडेही कांहीं कमी नव्हती. गो. नी. दांडेकर १९१६ सालीं परतवाड्यास जन्मले, कोवळ्या वयांत स्वातंत्र्याच्या चळवळीसाठीं घराबाहेर पडले आणि पुढें पुण्याजवळ तळेगांव दाभाडे येथें स्थायिक झाले. तरीही 'पूर्णामायची लेकरं' लिहितांना त्यांच्या लेखणीवर वऱ्हाडी बोलीच उतरली. पण दांडेकरांस पूर्णेकांठीं परत जातां येत होतें. होफरच्या रोग्यासही परतीची वाट होती. वरूडच्या वृद्धास ती नाहीं. तो घर सोडून कोठेंच गेलेला नाहीं. काळच त्याला सोडून गेला आहे.

मग तो ज्या काळासाठीं झुरतो, तो काळ खरोखर कसा होता, हें पाहणें इतिहासाचें काम होय. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण अभिमानानें सांगतों. या सोन्याचा सर्वांत झगझगीत काळ म्हणजे गेल्या शतकाच्याही मागील शतकांतील कापसाची तेजी. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला होता. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तिकडील कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. भाव कडाडले. १८६७ मध्यें लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला. १८७० मध्यें खामगांवच्या कापूसबाजारास स्वतंत्र फांटा मिळाला.

हें सर्व खरें आहे. पण हें अर्धेंच खरें आहे. अमेरिकेंतील युद्ध संपतांच भाव कोसळले. कापूस पसरला तशी पेवांत ज्वारी सांठविण्याची रीत मागें पडली आणि दाण्यासाठीं बाजाराचें तोंड पाहणें आलें. शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, तेव्हां याच सुवर्णभूमींत माणसें अन्नावांचून मेलीं. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनीं १९९७ सालीं या काळावर इंग्रजींत जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नांवांतच कापूस आणि दुष्काळ हे दोन शब्द शेजारीं ठेवले आहेत. आपल्या आठवणींत मात्र ते कधींच शेजारीं बसत नाहींत. सोनें सावकारास आणि व्यापाऱ्यास किती मिळालें, कास्तकारास किती आणि कापूस वेचणाऱ्या मजुरणीस किती, हें म्हण सांगत नाहीं. कुऱ्हाड सोन्याची असली तरी तिला धार असते, हेंही आपण विसरतों.

आतां संत्र्याकडे वळूं. संत्रें हें आज वरूडचें जणूं कुलदैवत झालें आहे. रेल्वे स्थानकाच्या नांवांतही 'ऑरेंज सिटी' हे शब्द आले आहेत. परंतु हें फळ या मातींतलें आदिवासी नव्हे. भोसल्यांच्या काळांत तें औरंगाबादेकडून नागपुरास आलें असें सांगतात, आणि वर्धा नदीच्या अलीकडे त्याचा मोठा विस्तार झाला तो विसाव्या शतकांत. शेजारच्या शेंदुरजना घाटानें कलमांच्या रोपवाटिकांवर नांव कमावलें. या पिकाचें गणित पाण्याचें आहे. मृग बहारास उन्हाळ्यांत ताण देऊन पावसाची वाट पाहतां येते. पण आंबिया बहाराचें फळ माघ-फाल्गुनापासून झाडावर असतें, आणि सारा उन्हाळा त्याला पाणी पाजावें लागतें. मोट होती तोंवर माणूस आणि बैल जेवढें ओढतील तेवढेंच पाणी वर येई. मोटेची जागा विजेच्या पंपानें घेतली, विहिरीची बोअरनें. आणि मर्यादा संपली. पुढें भूजलाच्या मोजणींत वरूड तालुका अतिशोषित ठरला, आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत या भागांतील अनेक बागा उभ्याच वाळल्या.

येथें स्मृतीची खरी गुंतागुंत दिसते. आमचे वडील एकाच श्वासांत भरलेल्या विहिरींचीही आठवण काढतात आणि बहरलेल्या बागांचीही. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण ज्या बागांसाठीं जीव हळहळतो, त्याच बागांनीं त्या विहिरी प्याल्या. स्मृति दोन्हींस एका चित्रांत बसविते आणि मधला कार्यकारणभाव पुसून टाकते. ही कोणाची निंदा नव्हे. त्याच संत्र्यानें मुलांचीं शिक्षणें केलीं, मुलींचीं लग्नें लाविलीं, घरें बांधलीं.

मग ही ओढ खोटी काय? मला तसें वाटत नाहीं. माणूस भूतकाळाविषयीं बोलतो तेव्हां पुष्कळदां तो वर्तमानाची तक्रार सांगत असतो. विहिरीच्या पाण्याची आठवण म्हणजे उद्यां पाणी असेल या जुन्या भरंवशाची आठवण होय. मोटेवर पहांटे जागणारा माणूस सुखी नव्हता; त्याचे हात सोलत, पाठ मोडे. परंतु आपण लावलेलें झाड आपला नातू पाहील, याबद्दल त्याला शंका नव्हती. ज्याच्या हातून उद्यांचा भरंवसा जातो, तो कालच्या आश्रयास जातो. म्हणूनच अशा आठवणी समृद्धीच्या ऐन भरांत फारशा निघत नाहींत. त्या निघतात विहीर कोरडी पडल्यावर.

तेव्हां घरांतील वृद्ध जुन्या गोष्टी सांगूं लागले, तर तरुणांनीं हंसूं नये आणि नुसती मानही डोलवूं नये. आजोबा, विहिरीला पाणी किती हातांवर होतें, तें कोणत्या सालापासून खालीं गेलें, तेव्हां मजुरास काय मिळे, दुष्काळांत कोण गांव सोडून गेलें, हें विचारावें. पहिल्यांदा म्हातारा गोंधळेल, कदाचित् रागावेलही. पण मग तो आठवूं लागेल, आणि विहिरीचें पाणी कोठें गेलें, याचें उत्तर त्याच्याच आठवणींतून बाहेर येऊं लागेल. तें उत्तर ज्या नातवाच्या कानीं पडेल, तो नवी बोअर घेण्यापूर्वीं एकवार थांबेल, एवढी आशा धरण्यास हरकत नाहीं.