तळटीप : चारचौघांतली मागणी

चारचौघांत गुडघा टेकून लग्नाची मागणी घालण्याची रीत पनवेलमध्ये अलीकडची. एरवी कांदेपोहे, याद्या, साखरपुडा हा क्रम ठरलेला. जागा म्हणून वडाळे तलावाचा काठ चटकन सुचतो, पण संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांत मुलीचा एखादा काका हमखास निघतो. कर्नाळा अभयारण्यात फटाके आणि गाणीबजावणी अर्थातच वर्ज्य. वरून चित्रण करायचे तर अडचण मोठी : नवी मुंबई विमानतळ शेजारीच असून ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळालगत परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही. अंगठीच्या आधी मुलीचे मन खासगीत कळलेले असावे. गर्दीसमोर तिला नाही म्हणणे जड जावे, असा बेत वाईटच.