केशरक्षणार्थ शिरःशीतलन व आरोग्यविमा (अमेरिका)

कर्करोगावरील रसायनचिकित्सेत होणारी केसगळती रोखण्यासाठी डोक्याची त्वचा थंड ठेवण्याचा जो उपचार करतात, त्याच्या खर्चाची विम्यातील तरतूद. केशमुळांतील पेशी झपाट्याने विभागत असल्यामुळे औषध अर्बुदाबरोबर त्यांचाही नाश करते. परंतु त्वचेचे तापमान सुमारे १८ ते २२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरविल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध तेथे कमी पोहोचते व चयापचयही मंदावतो. यासाठी औषध सुरू होण्यापूर्वी अर्धा तास ओलसर केसांवर शीतद्रव खेळविणारी टोपी घट्ट बसवितात आणि औषध संपल्यावरही तास-दीड तास ती उतरवीत नाहीत. रक्ताच्या कर्करोगांत हा उपचार वर्ज्य असून, टॅक्सेन वर्गातील औषधांच्या मानाने अँथ्रासायक्लिन वर्गात त्यास यश कमी येते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वीडनच्या 'डिग्निकॅप' यंत्रास २०१५ मध्ये व इंग्लंडच्या 'पॅक्समन' यंत्रास २०१७ मध्ये मान्यता दिली. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शीतलन घेतलेल्या स्तनकर्करोगी स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांचे केस टिकले, न घेतलेल्यांपैकी एकीचेही टिकले नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीचा निष्कर्षही (२०२०) याच स्वरूपाचा आहे. असे असूनही हा सौंदर्योपचार होय, या सबबीवर विमा कंपन्या दावे फेटाळीत आणि दीड ते तीन हजार डॉलरांचा भुर्दंड रुग्णावर पडे. वैद्याची चिठ्ठी असल्यास कृत्रिम केसांच्या टोपाचा खर्च मात्र काही विमापत्रांत मंजूर होई; म्हणजे गेलेल्या केसांच्या भरपाईस कलम होते, असलेले राखण्यास नव्हते.

जुलै २०२१ मध्ये या उपचारास तात्पुरते देयक-संकेतांक मिळाले व २०२२ पासून 'मेडिकेअर' या सरकारी योजनेने रुग्णालयांसाठी सुमारे १,८५० डॉलरांचा दर ठरविला. तथापि दर ठरल्याने प्रत्येक दाव्याची मंजुरी ठरत नाही. न्यूयॉर्क राज्याने मोठ्या गटविम्यांत हे संरक्षण सक्तीचे केले असून तो कायदा १ जानेवारी २०२६ पासून अंमलात आला. परंतु जे मालक नोकरवर्गाच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून भागवितात, त्यांच्या योजना संघीय कायद्याखाली येत असल्याने राज्याचा हुकूम त्यांस लागू होत नाही. परिणामी एकाच रुग्णालयात शेजारी बसून तेच औषध घेणाऱ्या दोघींपैकी एकीचा दावा मंजूर व दुसरीचा नामंजूर होऊ शकतो.