गरीब घोड्याचं शिंगरू गरीबच निघतं का? पैदाशीसाठी नर निवडताना काय बघायचं?

आषाढी वारीत माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात आली की माळशिरस तालुक्यात पुरंदावडे-सदाशिवनगरजवळ गोल रिंगण होतं. चहूबाजूंनी वारकऱ्यांची दाटी, टाळ-मृदंगाचा गजर, फडफडणाऱ्या पताका. मधल्या मोकळ्या वाटेवरून दोन घोडे धावतात. एकावर झेंडा घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही. रिंगण संपलं की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं पुढे झेपावतात. एवढ्या गर्दीत घोडा बुजला तर काय होईल, याचा विचार केला की घोड्याच्या स्वभावाची किंमत कळते.

याच तालुक्यात अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. राजस्थान, पंजाब, गुजरातपासूनचे घोडे तिथे येतात. रंग कोणता, उंची किती, कान कसे वळलेत, रेवाल चाल आहे का, भोवरे शुभ आहेत का, हे सगळं बारकाईने पाहिलं जातं. स्वभावाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात मिटतो: ‘एकदम गरीब आहे.’

घोडा फक्त बसायला घ्यायचा असेल तर तो गरीब असणं पुरेसं आहे. पण त्याच्याकडून घोडी फळवायची असेल तर प्रश्न बदलतो. त्याचा गरीबपणा शिंगरात उतरेल का?

हा प्रश्न महत्त्वाचा का झाला?

घोड्याचं काम बदललं आहे. पूर्वी तो ओझं, टांगा आणि प्रवासासाठी लागायचा. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६.३ लाख घोडे आणि तट्टू होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ३.४ लाखांवर आले. उरलेल्या घोड्यांपैकी बरेच आता लग्नाच्या वरातीत, मिरवणुकांत, रायडिंग क्लबमध्ये आणि पर्यटनस्थळी दिसतात. म्हणजे घोड्याभोवती अनोळखी माणसं, लहान मुलं, डीजे आणि फटाके आले. घोडा चावरा, लाथाड किंवा बुजरा असेल तर त्याचा त्रास मालकापुरता राहत नाही.

दुसरीकडे खेळही वाढतोय. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझू इथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांच्या संघाने ड्रेसेजमध्ये सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं भारताचं हे ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण होतं.

ड्रेसेजमध्ये स्वभावाला एवढं महत्त्व का?

ड्रेसेज म्हणजे घोडा आणि स्वार यांच्यातल्या समजुतीची परीक्षा. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानात ठरलेल्या क्रमाने चाल, दुडकी, दौड, वळणं आणि जागच्या जागी तालात पावलं टाकणं अशा हालचाली करायच्या असतात. परीक्षक प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण देतात. स्वाराचा इशारा बघणाऱ्याला जाणवू नये आणि घोड्याने तो लगेच मानावा, हा यातला कस.

इथे मंद घोडा चालत नाही आणि भडक घोडाही चालत नाही. अंगात जोर हवा, पण तो स्वाराच्या हातात राहायला हवा. म्हणून उमद्या चालीइतकाच शिकण्याची तयारी असलेला स्वभाव पाहिला जातो. वरातीत किंवा लहान मुलांना बसवायला लागणारा घोडा ड्रेसेज करत नाही, पण त्याच्याकडूनही अपेक्षा जवळजवळ तीच असते.

स्वभाव म्हणजे नेमकं काय?

‘गरीब’ आणि ‘तापट’ हे दोनच शब्द अपुरे पडतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी घोड्याचा स्वभाव पाच अंगांनी मोजायची पद्धत बसवली:

• भीती: नवीन वस्तू किंवा अचानक हालचाल दिसली की किती बुजतो
• कळपाची ओढ: सोबतचे घोडे दूर गेले की किती अस्वस्थ होतो
• माणसाशी वागणूक: अनोळखी माणूस जवळ आला तर काय करतो
• चळवळेपणा: एकटा असताना किती येरझारा घालतो
• स्पर्शाची जाणीव: अंगाला हलकासा स्पर्श झाला तर किती थरारतो

ही अंगं एकमेकांपासून बरीचशी वेगळी असतात. एखादा घोडा माणसाशी लाडीगोडीने वागतो, पण कळप सोडून एकटा पाऊल टाकत नाही. दुसरा कुणाला अंगाला हात लावू देत नाही, पण फटाक्यांना भीत नाही. भीतीसारखं अंग शिंगरू आठ महिन्यांचं असताना मोजलं, तरी पुढे दोन-अडीच वर्षांपर्यंत साधारण तसंच राहतं, असं या अभ्यासांत दिसलं.

रक्तातून किती येतं?

स्वभावाचा काही भाग आनुवंशिक असतो, हे अनेक देशांतल्या नोंदींवरून स्पष्ट झालं आहे. एकाच नराची शिंगरं वेगवेगळ्या ठिकाणी वाढली, तरी त्यांच्या बुजरेपणात साम्य आढळतं. पण हा भाग उंची किंवा रंगासारखा ठळक नाही. बहुतेक अभ्यासांत तो कमी ते मध्यम निघतो. बाकीचं आईचं वागणं, संगोपन, शिकवण आणि आलेले अनुभव ठरवतात.

स्वभावाचं एकच एक जनुकही नाही. घोड्याच्या चालीवर मोठा परिणाम करणारं एक जनुक २०१२ मध्ये सापडलं. स्वभावाच्या बाबतीत जपानी संशोधकांनी २००५ मध्ये थरोब्रेड घोड्यांतल्या एका जनुकाचा संबंध कुतूहल आणि सावधपणाशी दाखवला होता. तरी तो अनेक लहान धाग्यांपैकी एक. त्यामुळे रक्ताची चाचणी करून ‘हा नर गरीब शिंगरं देईल’ असं आज सांगता येत नाही.

मग नर स्वतः शांत असेल तर?

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. बाजारात दिसणारा शांतपणा चार वेगवेगळ्या कारणांनी आलेला असू शकतो.

पहिलं कारण उपजत स्वभाव, आणि फक्त तोच शिंगरात उतरू शकतो. दुसरं शिकवण. चांगल्या मोतद्दाराने चार वर्षं मेहनत घेतली तर बुजरा घोडाही वरातीत उभा राहतो, पण शिकवण रक्तात उतरत नाही. तिसरं थकवा किंवा आजारपण. लांबचा प्रवास करून आलेला घोडा मान खाली घालून उभा राहतोच. चौथं औषध. विकताना जनावराला गुंगीचं औषध देणं हा जगभरच्या घोडेबाजारांतला जुना प्रकार आहे.

याच्या उलटही घडतं. दिवसरात्र एकट्याला साखळीला बांधून ठेवलेला, व्यायाम न मिळणारा नर चिडका होतो. दात, खूर किंवा पाठ दुखत असेल तर गरीब घोडाही चावतो. त्याची शिंगरं मात्र उत्तम निघू शकतात.

म्हणून नराच्या स्वभावाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा त्याच्या शिंगरांत असतो.

युरोपात काय करतात?

जर्मनीतल्या त्सेले गावी १७३५ मध्ये सरकारी अश्वपैदास केंद्र सुरू झालं. हॅनोव्हेरियन जातीची जडणघडण तिथे झाली. आज जर्मनीत पैदाशीसाठी निवडलेल्या तरुण नरांना ठरावीक दिवस एका केंद्रात ठेवून तपासतात. तिथे सगळ्यांना सारखा चारा, सारखं काम आणि सारखेच प्रशिक्षक मिळतात. चालीबरोबरच स्वभाव आणि काम करायची तयारी यांनाही गुण असतात.

त्यानंतर त्या नराची शिंगरं मोठी होतात, स्पर्धांत उतरतात आणि त्यांचे गुण नराच्या खात्यावर जमा होत जातात. घोडी चांगली होती म्हणून शिंगरू चांगलं निघालं का, हेही गणितात धरलं जातं. अशा नोंदींवरून नराचं पैदासमूल्य काढतात.

आपल्याकडे पुण्यातून चालणाऱ्या स्टड बुकमध्ये शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या वंशाच्या काटेकोर नोंदी आहेत. मारवाडी घोड्यांचीही नोंदणी होते. पण वंशाची नोंद वेगळी आणि स्वभावाची नोंद वेगळी. दुसरी जवळजवळ कुठेच ठेवली जात नाही.

नोंदीच नसतील तर पैदासदाराने काय करावं?

१. शिंगरं पाहावीत. किमान पाच-सहा, तीही वेगवेगळ्या घोड्यांपासून झालेली आणि वेगवेगळ्या मालकांकडे वाढलेली. सगळी एकाच पागेत वाढली असतील तर श्रेय नराचं की मोतद्दाराचं, हे कळत नाही. एक-दोन शिंगरांवरून निष्कर्ष काढू नये.

२. वयाचा हिशेब करावा. नर तीन वर्षांचा असताना घोडी फळवली, तर सुमारे ११ महिन्यांनी शिंगरू होतं. त्यावर खोगीर चढायला पुढची तीन वर्षं जातात. म्हणजे ज्याची शिंगरं कामाला लागलेली पाहता येतील, असा नर सात-आठ वर्षांचा तरी असतो. त्याहून लहान नराच्या बाबतीत त्याचे आई-बाप आणि सख्खी-सावत्र भावंडं पाहावीत.

३. शिंगरांच्या मालकांना नेमके प्रश्न विचारावेत. ‘स्वभाव कसा आहे?’ याचं उत्तर नेहमी ‘छान’ असंच येतं. त्याऐवजी पहिल्यांदा खोगीर ठेवलं तेव्हा काय केलं, गाडीत चढतं का, खूर उचलू देतं का, एकटं बाहेर पडतं का, असं विचारावं.

४. साधी चाचणी घ्यावी. सुरक्षित अंतरावर छत्री उघडावी किंवा जमिनीवर ताडपत्री अंथरून त्यावरून न्यावं. बुजणं हा घोड्याचा धर्मच आहे. बुजल्यावर तो किती वेळात सावरतो आणि पुन्हा वस्तूकडे बघायला येतो, ते मोजावं.

५. नराला दोनदा पाहावं. एकदा बाजारात आणि एकदा त्याच्या तबेल्यात. जमल्यास घोडी समोर असतानाही पाहावं. नर उत्तेजित होणारच. तेव्हाही तो धरणाऱ्या माणसाचं ऐकतो का, ते महत्त्वाचं.

६. भोवरा, रंग आणि कान यांवरून स्वभाव ठरवू नये. देवमणीचा घोडा गरीबच असतो, असा भरवसा देता येत नाही.

घोडीचा वाटा विसरला जातो

शिंगराची अर्धी जनुकं घोडीकडून येतात, आणि ते वाढतं तिच्याच सोबत. माणूस आल्यावर आई कान मागे टाकते की शांत उभी राहते, हे शिंगरू पहिल्या दिवसापासून बघत असतं.

फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. शिंगरू जन्मल्यावर पहिले पाच दिवस, रोज थोडा वेळ, फक्त घोडीला हळुवार खरारा केला आणि हाताने खाऊ घातलं. शिंगराला हातही लावला नाही. तरी ती शिंगरं माणसाला कमी घाबरू लागली, आणि हा फरक वर्षभराने झालेल्या तपासणीतही दिसला.

यातून दोन गोष्टी निघतात. खोडील घोडी ‘निदान शिंगरं तरी देईल’ म्हणून पैदाशीला ठेवणं महागात पडतं. आणि नर कितीही चांगला असला तरी पहिल्या आठवड्याची मेहनत टाळता येत नाही.

भीमथडीला यातून काय मिळेल?

ज्या भीमेच्या काठी पंढरपूर वसलंय, तिच्याच थडीवरून भीमथडी घोड्याला नाव मिळालं. मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेल्या या तट्टांचा उल्लेख राज्यगीतातही आहे. देशातल्या नोंदणीकृत घोड्यांच्या जातींत आता भीमथडीही आहे. पुणे, सोलापूर, सातारा आणि अहिल्यानगर भागात धनगर कुटुंबांनी ती टिकवली. मेंढरांमागे फिरताना बिऱ्हाड याच घोड्यांच्या पाठीवर असतं, आणि कधी त्या बिऱ्हाडावर लहान पोरंही बसलेली असतात. बुजरा किंवा लाथाड घोडा अशा संसारात टिकत नाही. म्हणजे कागदावर नोंद नसली तरी पिढ्यान्‌पिढ्या स्वभावाची निवड होत आली आहे.

आता जात नोंदली गेल्यावर धोका वेगळा आहे. उंची, रंग आणि दिखाऊपणा यांच्या मागे लागून नर निवडले गेले, तर हा सोशिकपणाच हरवू शकतो. त्यावर उपाय फार खर्चाचा नाही. कोणत्या नराचं कोणतं शिंगरू, ते कुणाकडे आहे आणि खोगीर चढताना कसं वागलं, एवढं एका वहीत लिहून ठेवलं तरी चार-पाच वर्षांत पुढच्या पैदासदाराच्या हाती पुरावा येतो.

थोडक्यात

गरीब घोड्याचं शिंगरू गरीब निघण्याची शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. नराचं रूप बाजारात दिसतं. त्याचा स्वभाव मात्र त्याच्या शिंगरांच्या दारी जाऊन पाहावा लागतो. त्यासाठी चार गावं फिरावी लागली तरी ती फेरी वाया जात नाही, कारण चुकलेली निवड पुढची वीस वर्षं दावणीला उभी राहते.