मुक्ताचा निबंध

मुलांचा आत्मविश्वास वाढवायचा म्हणजे त्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप द्यायची, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. १८५५ साली मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापलेला मुक्ता साळवेचा निबंध वाचला, की ही समजूत फार तोकडी वाटू लागते. मुक्ता ही मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. निबंधाचा विषय मांग-महारांचे दुःख. वेद ही ब्राह्मणांचीच मत्ता असेल तर आम्हांला धर्मग्रंथच उरत नाही, मग आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवाला विचारते. पेशवे बाजीरावाच्या काळी तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराचे शीर कसे उडवले जाई, तेही लिहिते. पण माझ्या मते निबंधाचा जीव बाळंतिणींविषयीच्या मजकुरात आहे. घरावर छप्पर नाही, थंडीपावसात बाईचे हाल होतात, दुखणे आले तर औषधाला पैसा नाही. आणि फुकट औषध देणारा कोणता वैद्य तुमच्यात होता, असे ती वरच्या जातींना रोखठोक विचारते. आपल्या वस्तीतले जगणे कागदावर मांडण्याजोगे आहे, ही खात्री तिला त्या शाळेत मिळाली, असे मला वाटते. ओळख लपवून पुढे जायला शिकवणाऱ्या शाळेत असा निबंध लिहिला गेला नसता.

कोणी म्हणेल, हे विचार गुरुजींचे, आणि मिशनऱ्यांच्या पत्राला हिंदू धर्मावरची टीका हवीच होती. यात तथ्य आहे. धर्मग्रंथांवरचा युक्तिवाद आणि इंग्रज राज्याची स्तुती यांवर शाळेची छाप दिसते. पण उघड्यावर बाळंत होणाऱ्या बाईची दैना पाठ्यपुस्तकातून येत नाही. एका हुशार मुलीवरून सगळ्या शाळेची थोरवी ठरवू नये, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि इतर मुलींविषयी हा निबंध साक्ष देऊ शकत नाही, हे मान्यच करायला हवे. मुक्तापुरती साक्ष मात्र पक्की आहे. निबंधाच्या शेवटी ती दयेची याचना करत नाही. आपल्याच लोकांकडे वळून, वडीलधाऱ्या अधिकाराने, ज्ञानाचे औषध घ्या म्हणून बजावते. शिकाल तर रात्रंदिवस जनावरांसारख्या घेतल्या जाणाऱ्या तुमच्या हजेऱ्या बंद होतील, असे ती त्यांना सांगते.