तळटीप : डॉर्सेट ॲपल केक

१. डॉर्सेट ॲपल केक : नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्याचा घरगुती केक. मैदा, लोणी, साखर, अंडी यांच्या घट्ट मिश्रणात आंबट सफरचंदाच्या कच्च्या फोडी घालतात. वरून जाडसर तपकिरी साखर भुरभुरवतात. तिकडचे ब्रॅम्ली सफरचंद (मूळ झाड १८०९मध्ये बीपासून रुजवलेले) आंबट असते. पुण्यात येणारी काश्मीर-हिमाचलची सफरचंदे गोड, म्हणून फोडींना लिंबू चोळावे, साखर कमी घ्यावी. ओव्हन नसल्यास बुधवार पेठेत, तुळशीबागेत मिळणारे ॲल्युमिनियमचे केकचे भांडे घ्यावे. जाड पातेल्यात मीठ तापवून, त्यावर जाळी व जाळीवर भांडे ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजावे. फोडींना पाणी सुटते. म्हणून केक भाजला का हे सुरी खुपसून पाहताना फोड टाळावी. — संपा.