‘सकाय निरुत्तिया’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे गद्य

विनयपिटकातील चुल्लवग्गात भाषेविषयीचा एक प्रसंग आला आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या, मधुर वाणीच्या दोन भिक्खू बंधूंनी तथागतांकडे तक्रार केली की, नाना गोत्रांतून व नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन दूषित करीत आहेत. तेव्हा ते छंदस् भाषेत बसवावे. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली, तसे करणे दुक्कट आपत्ती ठरविली आणि ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. बुद्धघोषाचार्यांच्या मते ही भाषा म्हणजे तथागतांची मागधी होय. ऱ्हीस डेव्हिड्स व ओल्डेनबर्ग यांनी मात्र ‘प्रत्येकाची स्वतःची बोली’ असा अर्थ घेतला. मूळ तक्रारच नाना जातींच्या बोलण्याविषयी होती, हे ध्यानी घेता दुसरा अर्थच आम्हांस ग्राह्य वाटतो.

हाच प्रश्न आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातही उभा राहिला. मोहोपाड्याच्या दक्षिणेस, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले. त्यातील बराचसा मजकूर ते स्वतः लिहीत. वाचता येणारे थोडे. पुष्कळ ठिकाणी एक वाची व इतर ऐकत. ऐकणाऱ्यास मागचे पान उलटून पाहता येत नाही. म्हणून या गद्यात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरते मांडलेले असते, मग त्यातील एकेक मुद्दा खोडलेला. वाक्ये कधी लांब आहेत, संस्कृत शब्दही पुष्कळ आहेत. वाद शास्त्र्यांशी असल्याने ते टाळता येण्याजोगे नव्हते. परंतु ‘कारण’ आणि ‘तेव्हा’ यांची साखळी तुटत नाही. सुबोध म्हणजे बाळबोध नव्हे, एवढे तरी आपल्या लेखकांनी येथून घ्यावे. १९२० च्या ‘मूकनायक’मध्ये त्यांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यामजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली, ती समजण्यास धर्मशास्त्र वाचावे लागत नव्हते.

या गद्याचा एक पूर्वजही महाड परिसरातलाच. गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ च्या ‘विटाळ विध्वंसन’मध्ये अस्पृश्यतेचे मंडन करणाऱ्यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले. दुर्बोध प्रश्नाला उत्तर न देण्याची सबब सापडते. ती त्यांनी शिल्लक ठेवली नाही.